सत्तरीपुढचे चौदा

टिनच्या बंद कारखान्याची एक भिंत अजून उभी आहे,
तिच्या अलीकडे आमचं मैदान.
पॅव्हिलियनमध्ये एकच हीटर, तो निवड समितीच्या पायांशी:
मी, हेविन, आणि आकडे सांभाळणारा ग्विलिम,
ज्याला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत,
पण एकोणऐंशी साली लॅनेलीविरुद्ध
कोण कितीवर धावचीत झाला, ते विचारा.

सत्तरीपुढचा वेल्सचा संघ. चौदा नावं हवीत.
मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया. उन्हात, पंचेचाळीस षटकं.

सरासरी कोण बघतो इथं?
आम्ही विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का,
मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला की दोन्ही?
एमलिनचा खुबा नवा, टायटॅनियमचा.
"वीस वर्षांची हमी आहे," तो म्हणाला,
"त्याची. माझी नाही."
घेतला त्याला.
दोन्ही गुडघे जन्मापासूनचे असलेला
अख्ख्या वेल्समध्ये एकच, ओवेन प्रॉसर,
आणि त्याला बॅट धरता येत नाही.
त्यालाही घेतला. कुणीतरी पळायला नको?

तेरा झाले.
मग हीटरची घरघर ऐकत बसलो.
चौदावं नाव तिघांच्याही जिभेवर,
घेत कुणीच नव्हतं.

इद्वाल. डावखुरी फिरकी.
सव्वीस वर्षं मी यष्ट्यांमागे उकिडवा बसलो त्याच्यासाठी.
त्याचा सरळ जाणारा चेंडू मनगटावरून कळत नाही,
खांदा जरासा आधी पडतो.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
त्यालाही नाही.

सप्टेंबरच्या चाचणी सामन्यात
आठ षटकं, अकरा धावा, तीन बळी.
नववं टाकायला आला, पंचाच्या हाती टोपी देता देता
त्यानं विचारलं, "आपण कुठल्या संघाकडून?"
पंच हसला. विनोद वाटला त्याला.
मी सीमारेषेवर चहाचा कप घेऊन उभा होतो,
तो तसाच गवतात ओतला.

मेन्ना गाडीपाशी थांबली होती, हातात नवऱ्याचे बूट.
"घेऊ नका त्याला," म्हणाली.
"मागच्या महिन्यात पाव आणायला गेला,
घरी यायला चार तास लागले.
सिडनीचं विमानतळ केवढं असेल?
पण मी बोलले म्हणून सांगू नका."

तर चौदावा कार्डिफचा डेन्झिल. एकाहत्तरचा, पोरगाच.

फोन मी केला.
इद्वाल थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "रास्त आहे.
समितीत मी असतो तर हेच केलं असतं."
जीव भांड्यात पडला माझा.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला.
"संघ जाहीर झाला का रे?"

एकदा वगळणं जमलं होतं मला.
आता दर गुरुवारी, सहाच्या बातम्या संपल्या की,
त्याला नव्यानं वगळायचं,
आणि दर वेळी ती शांतता, तेवढीच लांब,
मग तेच, "रास्त आहे."
एकदा तरी चिडावं त्यानं.
पायचीतचं अपील फेटाळलं तरी
हा माणूस मुकाट चेंडू पुसत परत फिरायचा.

नोव्हेंबरात, पाचव्या की सहाव्या गुरुवारी,
खिडकीवर पाऊस आडवा येत होता,
मी म्हणालो, "झाला जाहीर. तू आहेस."
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
मेन्नाला हाक नाही, आनंद नाही,
जणू ही गोष्ट त्याला ठाऊकच होती.
फक्त विचारलं, "आणि कीपर कोण?"
"मी." तेही खोटंच.
"तू?" तो हसला. इतक्या महिन्यांनी.
"तुझे गुडघे वाकतात अजून?"

"वाकतात," म्हणालो,
आणि फोन कानाशी तसाच ठेवून,
एका हातानं ओट्याची कड धरून,
वाकून बघितलं.
अर्ध्यापर्यंत.